आधी पाचर, मग हात

४ जून

चि. खारूस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू पाठवलेलं रशियन पुस्तक पोचलं तेव्हाच पोच द्यायला हवी होती. पण म्हटलं, आधी थोडं वाचून होऊ दे, म्हणजे लिहायला काहीतरी असेल. मग वाचायला बसलो आणि लिहायचं राहिलंच. माझं वाचन तुला माहीत आहे. चौथीपर्यंतची शाळा, ओळीखाली बोट, आणि जोडाक्षर आलं की बैल चिखलात रुतावा तसा मी रुततो. फोन का नाही केलास, असं विचारशील. फोन आहे तुझ्या बाबांच्या खुर्चीशेजारी. डोळे अधू झाल्यापासून दाजींचे कान असे तिखट झालेत की शेजाऱ्यांचं दूध उतू गेलं तर ते आधी यांना कळतं. त्यांच्याबद्दलचं काही त्यांच्यासमोर कसं बोलणार?

तर पुस्तक. शिलाई चांगली आहे, पुठ्ठा बरा आहे, कण्याला सरस मात्र कमी लावलाय. आयुष्यभर छापखान्यात पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही, म्हणून आधी नजर तिकडेच जाते. रोज संध्याकाळी चहा झाला की मी वाचतो आणि दाजी ऐकतात. छापखान्याच्या फाटकावरचे आपले सुभेदारही पाळी संपली की येऊन बसतात. तुला आठवत असतील, कटिंग मशीनमध्ये ज्यांची बोटं गेली ते. त्या रशियन लोकांना एकेकाला तीन-तीन नावं. माझी जीभ वळेना. शेवटी सुभेदार म्हणाले, "अहो, नावं सोडा. हा कारकून, तो मित्र आणि ती म्हातारी. आपल्याला कुठे त्यांच्या घरी पत्र पाठवायचंय?" तेव्हापासून गाडी सुरळीत चालली.

पण खारू, काय हे पुस्तक! कारकून आणि त्याचा मित्र बर्फाच्या वादळातून घसरगाडीने निघतात. दोघांचं ओझं घोड्याला ओढवत नाही. मित्राला डुलकी लागते तेव्हा हा त्याला गाडीशी बांधणारा कमरेचा पट्टा हळूच सोडतो. पुढच्या वळणाला मित्र बर्फात पडतो आणि गारठून मरतो. कारकून गावात येऊन सांगतो की मित्र दारू प्याला होता, पट्टा बांधायलाच विसरला. सगळ्यांना पटतं. आणि हे सगळं सुरुवातीलाच संपतं! मी म्हटलं, गोष्ट तर झाली, मग एवढ्या जाड पुस्तकात उरलेलं काय, नुसता बर्फ?

उरलेला तो कारकूनच आहे. कोणी त्याच्यावर संशय घेत नाही, कोणी त्याला पकडत नाही. मित्राची म्हातारी आई त्यालाच मुलगा मानते, गरम सूप वाढते, "खा रे बाळा" म्हणते आणि याच्या घशाखाली चमचाभरही उतरत नाही. बस्स, एवढंच. पण तेवढं वाचताना माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तो लेखक जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली म्हणतेस. मग आमच्या आळीतल्या माणसाच्या पोटातलं त्याला कळलं कसं? मी मध्येच थांबतो आणि पुस्तकाकडे नुसता बघत बसतो. आम्ही असली पुस्तकं ढिगाने बांधली गं. आत हे असं काही धगधगत असतं, हे कोणी सांगितलंच नाही.

काळजीची गोष्ट ही की दाजींचं खाणं कमी झालंय. ते सुपाचं पान त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. त्या कारकुनाचं पुढे काय होतं, तेवढं आधीच कळव. मला धीर धरवत नाही.

तुझा मामा

*

१९ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र मी आमच्या ग्रंथालयातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. "नुसता बर्फ?" या वाक्यावर आमच्या ग्रंथपाल बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला. पण नंतर म्हणाल्या, तुझ्या मामांना जे कळलंय ते इथून पुस्तक नेणाऱ्या निम्म्या लोकांना कळत नाही.

बाबांच्या खाण्याचं मनावर घेऊ नकोस. डोळ्यांची नवी औषधं भूक मारतात, डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं. ते सुपाचं पान पुन्हा ऐकतात याचा मला उलट आनंदच झाला. आई गेल्यापासून त्यांनी कशात एवढं मन घातलं नव्हतं.

आणि सुभेदारकाका येतात हे वाचून छान वाटलं. लहानपणी मला त्यांच्या हाताची भीती वाटायची. मी अभ्यासात चुकारपणा केला की बाबा मला फाटकाशी न्यायचे आणि त्यांच्या हाताकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, लक्ष नसलं की असं होतं." काका बिचारे हसून हात पुढे करायचे. अजूनही रस्ता ओलांडताना मला तो हात दिसतो. म्हणजे बाबांची शाळा पक्की!

शेवट सांगू नये, पण तुझा जीव टांगणीला लागलाय म्हणून अर्धाच सांगते. तो शेवटी म्हातारीसमोर उभा राहून सगळं कबूल करतो. त्यावर ती काय म्हणते, ते मात्र वाचच. मी ते पान वाचलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही.

तुझी खारू

*

२ जुलै

चि. खारूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं.

एखादं विनोदी पुस्तक असेल तर लगेच पाठव. पातळ असलं तरी चालेल. याची अक्षरं बारीक आहेत, उजेड कमी पडतो, आणि दाजींनाही आता कंटाळा आलाय.

कंटाळा आलाय असं ते म्हणाले नाहीत. मलाच आपलं वाटतंय.

परवा असं झालं. मित्र बर्फात पडल्याची आठवण कारकुनाला येते, ते पान चाललं होतं. सुभेदार मध्येच म्हणाले, "मला त्या कारकुनापेक्षा मित्राचंच वाईट वाटतं. शेवटच्या घटकेपर्यंत तो म्हणत असणार, माझंच चुकलं, मीच पट्टा नीट बांधला नाही. माणसाने मरावं खुशाल, पण असं स्वतःला शिव्या घालत मरू नये." एवढं बोलून ते चहा फुंकायला लागले. दाजींनी आपला कप खाली ठेवला तो बशीत न ठेवता हवेतच ठेवला. कप फुटला. सुभेदार चटकन वाकले, मग स्वतःच मागे सरले. म्हणाले, "तुम्हीच उचला हो काचा. माझ्या हातांचा भरवसा नाही." ते नेहमीच असं म्हणतात. घरी नातीलासुद्धा घेत नाहीत, बायको दुधाचं पातेलं उचलू देत नाही. आम्ही सगळे त्यावर हसत आलोय. त्या दिवशी दाजी हसले नाहीत.

सुभेदार गेल्यावर दाजी मला म्हणाले, "उद्यापासून त्याला बोलावू नकोस." मी म्हटलं, बरं. थोड्या वेळाने म्हणाले, "नको, येऊ दे." पुन्हा म्हणाले, "नको." मी काय समजावं?

औषधाचं म्हणतेस तसंच असेल. पण पुस्तक पाठवच.

तुझा मामा

*

११ जुलै

प्रिय मामा,

खरं सांगू? मला तुझा थोडा राग आलाय. काल मी बाबांना फोन केला आणि सहज विचारलं, पुस्तक आवडत नाही का? ते म्हणाले, "कोण म्हणतं? अर्ध्यात सोडलं तर मी त्याच्याशी बोलणार नाही." म्हणजे कंटाळा बाबांना आलेला नाही, तुला आलाय. रोज वाचायचा त्रास होतो हे मला कळतं, पण मग सरळ तसं सांगावं. बाबांच्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवायची? त्यांना तेवढाच एक विरंगुळा आहे.

विनोदी पुस्तक नंतर पाठवीन. आधी हे संपव. मामा, एवढं माझ्यासाठी कर.

खारू

*

२० ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गेल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. आज दाजींनी स्वतः सांगितलं, "तिला सगळं लिही, काही गाळू नकोस." तेव्हा सगळं लिहितो. मन घट्ट करून वाच, आणि उभी असशील तर बस.

तुझा राग वाचून मला लागलं, पण तू म्हणालीस म्हणून पुस्तक पुढे वाचलं. शेवट जवळ आला तसा माझा धीर सुटला. दाजींच्या पोटात काहीतरी आहे हे मला कळत होतं, काय आहे ते कळत नव्हतं. कारकून कबूल करतो हे ऐकलं तर हा माणूस काहीतरी करून बसेल, अशी धास्ती. म्हणून मी एक शहाणपणा केला. सुभेदार यायच्या आधीच वाचायला बसलो. शेवटच्या पानांवर बोट ठेवलं आणि मनाने रचलं. कारकून दुसऱ्या गावी गेला, तिथे त्याला बढती मिळाली, चांगली बायको मिळाली, म्हातारी त्याच्याच घरी सुखाने गेली. संपलं. मला वाटलं, झकास जमलं.

दाजींनी कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

आता पुन्हा तेच कसं येणार? मी घाम पुसत बसलो.

ते म्हणाले, "अरे, पुस्तक उघडल्यापासून तू एक ओळ न अडखळता वाचली नाहीस. आज पाण्यासारखा वाहिलास."

मी म्हटलं, "सवय झाली, दाजी."

"खोट्याला सवय लागत नाही. ते पहिल्या दिवशीच सराईत येतं. मीही त्या दिवशी साहेबांसमोर असाच बोललो होतो. एक शब्द अडखळलो नाही."

मग त्यांनी मला सांगितलं. तुलाही आता तेच सांगायचं आहे. खारू, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

दाजी ज्यावर काम करायचे ते कटिंग मशीन असं आहे की दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले, म्हणजे पात्याखाली हात जायलाच नको. पण अशाने काम हळू होतं. शाळेच्या पुस्तकांची घाई होती, गाड्या फाटकात उभ्या होत्या. दाजींनी एका बटणात पुठ्ठ्याची पाचर मारून ते दाबूनच ठेवलं. म्हणजे एका हाताने गठ्ठा धरायचा आणि दुसऱ्याने एकच बटण दाबायचं. ते पाणी प्यायला गेले तेव्हा पाचर तशीच राहिली. सुभेदार तेव्हा गठ्ठे उचलायच्या कामावर होते. कडेचा कागद वाकडा दिसला म्हणून ते सरळ करायला वाकले, आणि उरलेल्या बटणाला त्यांचं कोपर लागलं.

ओरडणं ऐकून दाजी धावत आले. पुढचं त्यांनी मला तीनदा सांगितलं. "मी आधी पाचर काढली. मग त्याचा हात धरला. तो रक्तात उभा होता रे, आणि मी आधी पाचर काढून खिशात घातली."

चौकशीत ठरलं की सुभेदारांनी एक बटण कोपराने आणि दुसरं गुडघ्याने दाबलं असणार. निष्काळजीपणा. दाजींनीही साहेबांसमोर तेच सांगितलं. सुभेदारांनाही तेच पटलं. त्यांना काही आठवत नव्हतं, त्यामुळे सांगितलं ते त्यांनी खरं मानलं.

मी रडलो. हात जोडले. म्हटलं, दाजी, झालं गेलं गंगेला मिळालं. आता या वयात दारात पोलीस यायचे. खारूला काय वाटेल? लोक तोंडात शेण घालतील. ते म्हणाले, "उद्या सुभेदार आला की खरा शेवट वाच. अडखळत वाच."

दुसऱ्या दिवशी सुभेदार आले, नेहमीसारखा सलाम ठोकून खुर्चीत बसले. मी वाचायला लागलो. कारकून म्हातारीच्या टेबलाशी उभा राहतो, तिच्या हातात पळी असते. एवढ्यात दाजींनी चाचपडत पुस्तकावर पंजा ठेवला. "थांब. पुढचं मी सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आधी पाचर, मग हात, हेसुद्धा.

खारू, मी आयुष्यात मोठमोठी माणसं पाहिली नाहीत. पण ज्याला समोरच्याचं तोंडही दिसत नाही असा एक म्हातारा, आधार धरायचा सोडून, हात मोकळे ठेवून उभा राहतो आणि स्वतःलाच असं पानापानाने सोडवत जातो, हे मी पाहिलं. मला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना. खोली तीच, कपबशा त्याच, खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. आणि मला वाटलं, आत्ता आपण चपला काढून बसायला हवं होतं.

सुभेदारांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझा गुडघा लागला नव्हता?"

दाजी म्हणाले, "नाही."

"नक्की?"

"लागायची गरजच नव्हती. ते बटण मीच दाबून ठेवलं होतं."

"मी किती वेळा करून पाहिलं हो," सुभेदार म्हणाले. "घरात टेबलापाशी उभा राहून. कोपर इथे, तर गुडघा तिथे कसा जाईल? जातच नव्हता. मला वाटायचं, मी एवढा कसा वेंधळा, की जे जमत नाही तेही करून बसलो?" मग ते उठले. सलाम केला नाही. दारात थांबून म्हणाले, "खारूला माझा हात दाखवायचात तुम्ही." आणि गेले.

दाजी उभेच होते. "काय दिसतं त्याच्या तोंडावर?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला वाचता येत नाही, दाजी." खरंच येत नव्हतं.

सुभेदार पुन्हा आले नाहीत. मी रोज फाटकासमोरून जायचो, ते दुसरीकडे बघायचे. माझी झोप उडाली. पोलीस येतील म्हणून दारावर टकटक झाली की मी मोरीत जाऊन उभा राहायचो. दाजी मात्र जेवायला लागले. दोन घास जास्तच. मला रागसुद्धा आला त्यांचा.

मग गेल्या आठवड्यात बघतो तर फाटकाशी ही गर्दी. सुभेदार उंच स्टुलावर चढून दिवा बदलताहेत, त्याच हाताने. खाली त्यांची बायको ओरडतेय, "उतरा म्हणते ना! पडाल!" आणि हे वरून गरजताहेत, "मी पडणाऱ्यातला नाही! कोणालाही विचार!" दिवा लावून उतरले, हात झटकले, आणि मला बघून सरळ माझ्याकडे आले. मी मागे सरलो, म्हटलं आता मारतात.

म्हणाले, "तुमच्या दाजींना सांगा, मी चिडलोय. फार चिडलोय. एवढी वर्षं मी माझ्यावरच चिडत होतो, दुसऱ्या कोणावर चिडायची सोयच नव्हती. आता भरपूर चिडून घेणार आहे. माफी मागू नका म्हणावं, माझं अजून झालेलं नाही."

मी म्हटलं, "पोलिसांत जाणार का?"

"माझं मी बघीन. छापखान्याच्या साहेबांना मात्र त्यांनी स्वतः सांगायचं, मी बरोबर येणार. कागदावरचं ते 'निष्काळजी' मला खोडलेलं हवंय."

काल दोघे गेले. दाजींनी काठी घेतली होती, रस्ता दिसत नव्हता. सुभेदार हात न धरता पुढे चालत होते आणि नुसतं सांगत होते, "पायरी. खड्डा. वळा." एक शब्द जास्त नाही. मी मागून चाललो होतो. दोघांच्या पाठी बघून मला काय झालं ते मला लिहिता येत नाही, तेवढी माझी शाळा झालेली नाही. पुस्तकातली म्हातारी काय म्हणाली, ते पान मी अजून उघडलेलं नाही. उघडायची हिंमत होत नाही.

साहेब नवे आहेत, त्यांना काही माहीत नव्हतं. जुने कागद काढतो म्हणाले. पुढे काय होईल ते होईल. त्याची मला भीती आहेच, पण दाजींना नाही. त्यांना भीती आहे ती एकच. तुझी. "तिला मी दुसऱ्याच्या जखमेवर शिकवलं, आणि शिकवलं ते खोटं," म्हणतात. फोन वाजला की उचलत नाहीत, मलाही उचलू देत नाहीत. म्हणतात, "आवाजात ती दया दाखवील. लिहील ते खरं लिहील."

तू चिड. वाटेल ते लिही, मी ते अडखळत अडखळत त्यांना पूर्ण वाचून दाखवीन, काही गाळणार नाही, शपथ आहे. फक्त कागद कोरा ठेवू नकोस. टपालवाल्याची सायकल आळीत शिरली की हा माणूस खुर्चीतून अर्धा उठेल आणि ती पुढे गेली की परत बसेल. माझ्याने ते बघवणार नाही. दोन ओळी का होईना, पण लवकर लिही, खारू.

तुझा मामा